तिसऱ्या रांगेतला पाहुणा

६ मार्च

ताई,

आधी टाळ्या वाजव, मग पुढे वाच! परवाचा शो असा रंगला की हॉलच्या रखवालदाराला बाहेरून दारं रेटून धरावी लागली. सव्वीस वर्षं मी किकबॉक्सिंगचे खेळ भरवतोय, पण माणसं खिडकीच्या गजांना लटकून बघतायत हे परवा पहिल्यांदा पाहिलं. पोलादीने एका दणक्यात बारा कौलं फोडली. पोलादी म्हणजे माझा सध्याचा चँपियन, तू त्याला फक्त पोस्टरवर पाहिलंयस. चोवीस वर्षांचा आहे. घरी आईसमोर तोंडातून शब्द फुटत नाही, पण रिंगमध्ये उतरला की समोरच्याचे पाय लटपटतात. मग मुलींची लढत झाली, बर्फाची लादी फोडून झाली आणि शेवटी आपलं नेहमीचं खुलं आव्हान. माईक घेऊन मी असा गरजलो, "आहे का कोणी माईचा लाल, जो पोलादीसमोर तीन मिनिटं उभा राहील?" की हॉलचं छप्पर तेवढं जाग्यावर राहिलं.

दुसरी बातमी याहून मोठी. वीस एप्रिलला आपण मोठ्या स्टेडियममध्ये जातोय. चार हजार खुर्च्या! पोस्टर छापायला गेलंय. तू यायचंच. पहिली रांग, मधली खुर्ची, तुझ्यासाठी राखून ठेवलीय.

एक छोटीशी गडबड झाली. दुसरीकडून तुझ्या कानावर येण्यापेक्षा मीच सांगतो. खुल्या आव्हानाला प्रेक्षकांतून एक उत्साही माणूस वर आला आणि त्याला कानामागे एक लाथ जरा जोरात बसली. दवाखान्यात आहे. झोप लागलीय, झोपू दे म्हणतात डॉक्टर. त्याने फॉर्मवर सही केलेली आहे, तेव्हा काळजीचं काही नाही.

त्या फॉर्मचा मजकूर मुळात तूच लिहिला होतास ना? त्यात "स्वखुशीने" होतं की "स्वतःच्या जबाबदारीवर"? फाईल ऑफिसात कुठे गेली कळत नाही. सहज विचारतोय.

गुडघा कसा आहे?

तुझा,
भोंगू


११ मार्च

भोंगू,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, कापड कापायच्या टेबलावर. तिथेच उभ्याने लिहितेय, म्हणून कागदाला खडू लागलाय. माझ्या हाताखालच्या मुली विचारत होत्या, बाई, भावाचं पत्र आलं की तुमचा चेहरा असा का होतो?

फोन करू नकोस. फोनवर तू मला गुंडाळतोस. कागदावर खोटं बोलायचं तर तुला विचार करावा लागतो आणि तेवढ्यात तू सापडतोस.

"सहज विचारतोय" हे वाचलं तिथेच मी ओळखलं. लहानपणी आईचा रांजण फोडलास तेव्हाही असाच आला होतास. "डिंकाने माती चिकटते का गं ताई? सहज विचारतोय."

प्रेक्षकांतून एक माणूस आला म्हणतोस. कोण प्रेक्षक? तुझ्या तिकिटाच्या खिडकीवर मी सात वर्षं काढली. तिसऱ्या रांगेतली टोकाची खुर्ची दर शोला मी बाजूला काढून ठेवायचे. तिच्यावर आपला पाहुणा बसायचा. लोकांना वाटायचं चारचौघांसारखा तिकीट काढून आलेला माणूस आहे, आणि असायचा आपल्याच क्लासमधला, शिकवून पढवून बसवलेला. आव्हान झालं की तोच उठायचा. त्या सात वर्षांत दुसरं कोणी एकदाही वर चढलं नाही.

तेव्हा नीट लिही. कोण आहे हा माणूस? घरच्यांना काय माहीत आहे? आणि "झोप लागलीय" म्हणजे काय? त्याला जाग येत नसेल तर जाग येत नाही असं लिही.

फॉर्ममध्ये "मी प्रेक्षक असून स्वखुशीने" असं होतं. "प्रेक्षक असून" हे तू मागाहून घालायला लावलंस. मला चांगलं आठवतंय.

गुडघा दुखतो.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझ्यापुढे माझं नाटक कधी चाललंय? लिहितो सगळं.

तो काचवाला. तू सोडलंस त्या वर्षी क्लासला आला होता बघ, काचेच्या दुकानात फिटिंग करणारा, बोटांना कायम पट्ट्या. लढण्यात बेताचाच, पण पडण्यात त्याचा हात धरणारा मला अजून भेटला नाही. शिडीवर चढून मोठमोठ्या काचा बसवणारा माणूस, अंगात तोल एवढा की बघत राहावं. चार वर्षांपूर्वी धाकटी मुलगी झाली तेव्हा बायकोने त्याच्याकडून वचन घेतलं की आता हे मारामारीचं बंद. क्लास त्याने सोडला. पण पाहुणा म्हणून येत राहिला. दहा गावांत दहा नावांनी उठला. कधी मिशी, कधी चष्मा, एकदा तर पोटाला उशी बांधून. घरी सांगायचा, बाहेरगावी काचा बसवायचं काम आहे.

इथे आपल्या गावात त्याला कधी बसवत नव्हतो, ओळखीची माणसं असतात म्हणून. इथला पाहुणा वेगळा. तो ऐनवेळी तापाने पडला. मीच काचवाल्याला गळ घातली. म्हटलं, जुना विद्यार्थी शो बघायला आला आणि हुरूप येऊन वर चढला, त्यात काय? खऱ्या नावानेच सही कर.

ठरलेलं असं असतं. थोडा वेळ तो पोलादीभोवती नाचतो, मग पोलादी त्याच्या खांद्यावर लाथ टेकवतो, हा कोलांट्या खात पडतो, उठतो, हात मिळवतो, टाळ्या. त्या दिवशी लाथ कानामागे बसली. घामाने पोलादीचा पाय घसरला असेल. तो पडला तेव्हा मला वाटलं, वा, आज तर याने कमाल केली! माईकवरून म्हणालोसुद्धा, "बघा, बघा, पोलादीची लाथ म्हणजे काय चीज असते!" लोक हसले. मीही हसलो. मग मला त्याचा हात दिसला. अंगाखाली असा वळला होता, तसं पडायला त्याला मी कधी शिकवलं नव्हतं.

आज बारावा दिवस. जाग येत नाही.

बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असते. त्या संध्याकाळी तो तिला बँकेच्या इमारतीत काम आहे सांगून निघाला होता. मी फळं घेऊन गेलो तर उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, तुमचा काय दोष? आमच्याच माणसाची जुनी खोड. दोन पोरी घरात असताना मर्दुमकी दाखवायला चढला." आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "होतं असं कधीकधी." सव्वीस वर्षं माईक धरणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं!

चौकीतून हवालदार येऊन गेला. "जुना विद्यार्थी, प्रेक्षक म्हणून हजर, स्वखुशीने सहभागी" असं त्याने लिहून घेतलं. मी गप्प बसलो. आता तोंड उघडलं तर वीस तारखेचा शो गेला, परवाना गेला आणि आजवरच्या सगळ्या शोंवर लोक थुंकतील. पोलादीचं आयुष्य आत्ता कुठे सुरू होतंय, त्याचं काय? तूच सांग.

भोंगू


२१ मार्च

भोंगू,

तीन दिवस पत्र पिशवीत घेऊन फिरतेय. काल एका ताग्याच्या सगळ्या कॉलर उलट्या कापल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तुला रागवायला बसले होते, पण आधी माझंच सांगते. पाहुणा बसवायची कल्पना माझी होती. विसरलास तू. पहिल्या वर्षी तू आव्हान दिलंस आणि दहा मिनिटं कोणी उठेना. लोक शिट्ट्या मारायला लागले, तुझा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. घरी येताना मीच म्हटलं, आपलाच एखादा बसवून ठेवूया ना, कोणाला कळतंय? तू नको म्हणत होतास. तुला पटवायला मला दोन दिवस लागले. त्या खुर्चीचं तिकीट मी हसत हसत बाजूला काढायचे.

तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवायला मी काही मोठी सती लागून गेले नाही. पण त्या बाकावर बसलेल्या बाईला खरं काय ते कळायला हवं. आपला नवरा वेडेपणाने चढला असं तिला वाटतंय. तो तुझ्या शब्दाला मान देऊन चढला होता.

आणि एक विचारते. बारा कौलं फोडताना ज्याचा पाय सुताएवढा हलत नाही, त्याचा पाय घामाने घसरला? शो सुरू व्हायच्या आधी तू पोलादीला काय सांगितलंस?

जाग आली की लगेच कळव. नाही आली तरी कळव.

ताई


२५ मार्च

ताई, जाग आली!

मंगळवारी डोळे उघडले, काल बोलला. नर्स मला सांगायला जिन्यापर्यंत धावत आली. मी तिथे पायरीवरच बसलो.

आता पुढचं. डावा कान गेलाय. डोकं हललं की खोली फिरते म्हणतो. काल दोघांनी धरून उभा केला तर वाळूच्या पोत्यासारखा एका बाजूला कलंडला. डॉक्टर म्हणतात हळूहळू सुधारेल, किती ते सांगता येत नाही. शिडीचं विचारलं तर म्हणाले, शिडीचं आता मनात आणू नका.

सगळे खाटेभोवती होते, बायको, त्याची म्हातारी आई, मी. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं होतं आठवतंय का?" त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. म्हणाला, "शो बघायला गेलो होतो. उगाच चढलो वर. माझीच चूक."

बायकोच्या हातात पाण्याचं भांडं होतं. तिने ते स्टुलावर ठेवलं आणि सरळ बाहेर निघून गेली.

डॉक्टर गेल्यावर त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला, एवढा बारीक आवाज. "सर, सांभाळलं ना मी?"

ताई, मी मान डोलावली.

आपल्यात पहिला नियम तोच असतो ना, पाहुण्याने मरेपर्यंत सांगायचं नाही. मीच शिकवलाय. त्याने तीन आठवडे बेशुद्ध राहूनही तो पाळला. आता तोच असं म्हणतोय तर मी उलटं बोलून त्याला खोटं पाडू? उगाच सगळ्यांची फरफट. स्टेडियमची निम्मी तिकिटं गेली आहेत. तू येतेयस ना? कळव म्हणजे स्टेशनवर माणूस पाठवतो.

भोंगू


३१ मार्च

भोंगू,

मान डोलावलीस.

मी हे चार ओळी खाली लिहिलं होतं, आधी त्याची तब्येत विचारली होती. तो कागद फाडला. दुसरं काही सुचत नाही.

मी येणार नाही. खुर्ची दुसऱ्या कोणाला दे.

पोलादीला तू काय सांगितलंस, ते मी विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही.

ताई


१२ एप्रिल

ताई,

एवढे दिवस पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. मीही आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही, पोस्टरवरचा माझा फोटो बघितला की वाटतं हा कोण गृहस्थ?

काचवाल्याला घरी सोडलं. त्याच दिवशी बायको दोन्ही मुलींना घेऊन वडिलांकडे निघून गेली. जाताना सासूला म्हणाली, "मार खाल्ल्याचं मला काही नाही. वचन मोडून वर हसत चढला असेल, ते डोळ्यांसमोरून जात नाही." दुकानाच्या मालकाने कळवलं की कामावर पडला असता तर बघितलं असतं, खेळ करायला जाऊन पडलेल्या माणसासाठी जागा धरून ठेवता येणार नाही.

परवा गेलो होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत तो भिंतीला दोन्ही हात टेकून चालत होता, कपाटापासून खिडकीपर्यंत. खिडकीशी पोचला की धापा टाकत कपाळ काचेला लावायचा आणि परत फिरायचा. मी आत आलो ते त्याला ऐकूच आलं नाही, डाव्या बाजूला होतो मी. मी पाच मिनिटं उभा राहिलो असेन आणि आलो तसा बाहेर पडलो. जिन्यावर म्हातारी भेटली. म्हणाली, "तुम्ही तेवढे येता हो."

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. त्या दिवशी मधल्या वेळात मागच्या रांगांतून आवाज येत होते, "सगळं ठरवून चाललंय, फसवाफसवी आहे." स्टेडियमवाले शो बघायला येऊन बसले होते. माझं डोकं तापलं. मी पोलादीला पडद्यामागे ओढलं आणि म्हणालो, "आज जरा खरं दिसू दे." एवढंच. पोलादीने विचारलं, "म्हणजे किती सर?" मी म्हणालो, "कळेल तुला." आणि काचवाल्याला यातलं काही सांगितलं नाही. तो बिचारा नेहमीच्या टेकवलेल्या लाथेची वाट बघत उभा होता.

पाय घसरला नव्हता ताई. पोलादी त्या दिवसापासून नीट जेवत नाही. सरावाला येतो, पिशवीवर एक लाथ मारतो आणि थांबतो.

मी ठरवलंय. वीस तारखेला चार हजार माणसांसमोर रिंगमध्ये उभा राहून सगळं सांगून टाकणार. मला तेवढी एकच गोष्ट येते, माईक घेऊन बोलायची. तीच करतो.

भोंगू


१६ एप्रिल

भोंगू,

रिंगमध्ये बोलू नकोस. आयुष्यभर तिथे उभा राहून तू थापा मारल्यास, तिथे तुझं खरं कोण ऐकणार? दिवे, ढोल, धूर, त्यात लोक तुझ्या तोंडाकडे बघतात ते मजा बघायला.

चौकीत जा. कागदावर सांग. मग काचवाल्याच्या बायकोकडे जा आणि तिला सांग. शो करायचा की नाही ते त्यानंतर बघ.

पत्र वेळेवर पोचतं की नाही कोण जाणे. म्हणून तुझ्या ऑफिसात फोन करत होते, पण तिथला माणूस म्हणतो साहेब स्टेडियमवर आहेत, तिथे ऐकू येत नाही.

ताई


२४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र एकवीसला हातात पडलं. एक दिवस उशीर.

स्टेडियम गच्च भरलं होतं. सगळ्या लढती झाल्या, खुल्या आव्हानाची वेळ आली. मी माईक घेतला. म्हटलं, "आज आव्हान नाही. आज एक कबुली आहे." आणि सांगत गेलो. पाहुणा म्हणजे काय, तो आमचाच असतो, चार मार्चला आमच्या माणसाला खरी लाथ बसली, ती माझ्या सांगण्यावरून. पहिलं अर्धं मिनिट सगळं चिडीचूप. मग मागून कोणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या. एकजण खुर्चीवर चढून ओरडला, "मी आहे पाहुणा!" लगेच दुसरीकडून, "अरे मी, मी!" सगळं स्टेडियम हसायला लागलं. चारपाच जण बाह्या सरसावून रिंगकडे निघाले. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "अहो खरं सांगतोय, खरं!" जितका ओरडलो तितक्या टाळ्या वाढल्या. दिवेवाल्याने माझ्यावर लाल झोत टाकला. त्यालाही वाटलं, हे नवीन बसवलंय.

एकट्या पोलादीला कळलं. त्याने ग्लोव्ह्ज काढले, दोरीखालून उतरला आणि कपडे बदलायच्या खोलीत निघून गेला. मग मात्र लोक चिडले, बाटल्या फेकल्या. मी माईक खाली ठेवला आणि त्याच्या मागे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत गेलो. तो हवालदार आदल्या दिवशी बंदोबस्ताला स्टेडियममध्येच होता. मला बघून खुर्ची पुढे केली. "काय झकास रंगवलंत सर, आमच्या साहेबांनाही आवडलं." मी टेबलावर फॉर्मची फाईल ठेवली. ती सापडली होती. खरं सांगायचं तर हरवलीच नव्हती, मी लपवली होती. दहा गावांचे दहा फॉर्म, दहा नावं आणि अक्षर एकच. अकराव्यावर काचवाल्याचं खरं नाव, त्याच अक्षरात. हवालदार एकेक फॉर्म उलटत गेला तसं त्याचं हसू मावळलं. आतून लिहून घेणारा माणूस बोलावला. तो दर वाक्याला म्हणायचा, "सावकाश सांगा, काय म्हणालात?" दोन तास लागले. निम्म्यात दार उघडून पोलादी आत आला. कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "लाथ माझी होती. माझंही लिहा." मी त्याला घरी जा म्हणून दटावलं, तर माझ्याशेजारी स्टूल ओढून बसला.

तिथून काचवाल्याच्या बायकोच्या माहेरी. तिने दारातच सगळं ऐकून घेतलं, आत या म्हणाली नाही. मी थांबलो तर तिने विचारलं, "किती वेळा?" मी म्हटलं, "दहा गावं. इथलं अकरावं." ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "दर वेळी डबा देत होते मी. बाहेरगावी काम म्हणून." मला वाटलं आता दार लावेल. तेवढ्यात म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ते स्वतःहून नव्हते चढले." मी म्हटलं, "नाही. मी चढवलं." तिने आत जाऊन दार लावलं. जोरात लावलं नाही, एवढं सांगतो.

शेवटी त्याच्याकडे गेलो. मला वाटलं होतं त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्याने ऐकलं आणि मला म्हणाला, "काय केलंत सर हे? बायको गेली, काम गेलं, तरी मी जीभ चावून पडून होतो. कशासाठी? एवढी एकच गोष्ट मला नीट जमली होती, ती पण घालवलीत." भिंतीकडे तोंड करून झोपला. तिकडचा कान बहिरा, इकडचा उशीत. मी काहीबाही बोलत होतो, त्याला ऐकू जात नव्हतं.

परवाना स्थगित झालाय. चौकशी होईल, मग केस उभी राहील की नाही ते ठरेल. काल चौघी मुली क्लासमधून नावं काढून घेऊन गेल्या. मला रोज पहाटे जाग येते आणि कशाने ते आठवायला क्षणभर वेळ लागतो.

भोंगू


२९ एप्रिल

भोंगू,

रजा टाकलीय. रविवारी सकाळच्या गाडीने येते. माणूस पाठवू नकोस, मला रस्ता माहीत आहे.

मला काचवाल्याच्या बायकोच्या माहेरी घेऊन चल. तू बाहेर थांब. पाहुणा बसवायचं डोकं कोणाचं होतं ते मला तिला सांगायचंय. ती काय म्हणेल याची धास्ती वाटते, हे पण लिहून ठेवते.

चौकीत बोलावतील तेव्हा एकटा जाऊ नकोस. वकील बघ. आणि जेव.

ताई


९ जून

ताई,

तू गेल्याला महिना झाला. तू तिच्याशी आत काय बोललीस ते तू सांगितलं नाहीस, तीही सांगत नाही. मीही विचारणार नाही. पण तू गेल्यावर चौथ्या दिवशी ती मुलींना घेऊन परत आली. आठ दिवस त्यांच्या घरातून भांडणाचा आवाज येत होता. म्हातारी जिन्यावर येऊन बसायची. मला म्हणाली, "भांडू देत हो. मधले दिवस घरात आवाजच नव्हता."

एका सकाळी काचवाल्याची बायकोच माझ्या क्लासच्या दारात उभी. क्लास म्हणजे आता सहा मुलं आणि मी. म्हणाली, "डॉक्टर तोलाचे व्यायाम रोज करायला सांगतात. एकट्याने होत नाहीत. तुम्हाला येतं ना शिकवायला?" मी म्हटलं, "त्याला चालेल?" ती म्हणाली, "त्यांना नाही चालणार. तुम्ही या."

तेव्हापासून रोज सकाळी जातो. पहिले दहा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी दाखवायचो, तो करायचा, भिंतीकडे बघत. एक पाय उचलायचा, भिंत धरायची, पाय टेकायचा. ती चहा आणून ठेवायची, एकच कप, त्याच्यापुढे. त्याला तिच्या बापाच्या ओळखीने दुकानातच खाली बसून काचा कापायचं काम मिळेल असं दिसतंय. मिळालं तर. चौकशीची तारीख सव्वीस जून आहे. वकील काही नक्की सांगत नाही. पोलादी रोज विचारतो, "सर, काय होईल?" मी त्याला म्हणतो जेवलास का? तुझंच वाक्य.

काल काचवाल्याने भिंत सोडली. खोलीच्या मधोमध आला, डोळे मिटले आणि एक पाय उचलला. मी दोन्ही हात पुढे करून उभा. तो डावीकडे झुकायला लागला, मी धरायला पुढे झालो.

"हात लावू नका सर."

दीड महिना झाला होता त्याने मला हाक मारून. मी हात मागे घेतला. तो पडला. चांगलाच आपटला, शेजारची खुर्ची घेऊन. धाकटी रडायला लागली, बायको आतून पिठाच्या हातांनी धावत आली. तो जमिनीवर बसून कोपर चोळत होता. मी घाबरत विचारलं, "लागलं का रे?"

"लागलं," तो म्हणाला. "खरंच लागलं." आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला श्वास घेता येईना.

ती हसली नाही. तिने खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली, धाकटीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. परत करा."

तो उठला, ताई.

तुझा,
भोंगू